इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं, अगदी पहिल्यापासून

क्लू हा शब्द आपण सगळेच वापरतो, "मला काही क्लू नाहीये", "एखादा क्लू तरी दे" वगैरे. हा आला कुठून असा प्रश्न मला पडला तेव्हा मी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं, लॅटिनमध्ये किल्लीला क्लाविस म्हणतात, क्लू म्हणजे कोड्याची किल्ली, झालं, जुळलं. आणि ते साफ चूक निघालं. क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा! ग्रीक गोष्टीत थिसिअस भूलभुलैयात मिनोटॉर नावाच्या राक्षसाला मारायला जातो, तेव्हा ॲरिआड्नी त्याला सुताचा गुंडा देते, तो सूत सोडत सोडत आत जातो आणि त्याच सुताच्या आधाराने परत बाहेर येतो. त्या गोष्टीमुळे "सुताचा गुंडा" याचा अर्थ हळूहळू "वाट दाखवणारी गोष्ट" असा झाला, आणि पुढे भूलभुलैया गळून पडला, नुसता क्लू राहिला.

हे कळल्यापासून मला या शोधाची गोडी लागली ती लागलीच. गेली काही वर्षं वहीत शब्द नोंदवतोय, आणि नवीन माणसं नेहमी त्याच चार ठिकाणी अडकतात हे बघितलंय, म्हणून म्हटलं एकदा क्रमाने लिहून काढावं. भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, लॅटिन यायची गरज नाही, फक्त एक सवय लागते: एका वेळी एकच पायरी मागे जायचं आणि प्रत्येक पायरीला पुरावा आहे का बघायचं. उडी मारायची नाही. मी क्लाविसवर उडी मारली होती, म्हणून चुकलो.

पायरी १: नक्की कुठला शब्द ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात. एकाच स्पेलिंगचे दोन वेगळे शब्द असू शकतात. बॅट घ्या, खेळायची बॅट आणि वटवाघूळ, स्पेलिंग तेच पण घराणी वेगळी, एक जुन्या इंग्रजीतला दांडक्याचा शब्द आणि दुसरा स्कँडिनेव्हियाकडून आलेला, आणि त्या दुसऱ्याचं जुनं रूप तर बॅक-सारखं होतं, त्यात ट नव्हताच. डिक्शनरीत अशा शब्दांना १, २, ३ असे आकडे देऊन वेगळ्या एंट्री केलेल्या असतात, तर आपली कुठली ते बघून मगच पुढे जायचं.

उलटंही होतं. प्युपिल म्हणजे विद्यार्थी आणि प्युपिल म्हणजे डोळ्यातलं ते काळं वर्तुळ, हे कोणालाही वेगळे शब्द वाटतील, पण दोन्हीच्या मागे लॅटिनमधलं एकच कुटुंब आहे. एकीकडे पुपिल्लुस म्हणजे पालकाच्या ताब्यात असलेलं अनाथ मूल, त्यावरून शिक्षकाच्या हाताखालचं मूल. दुसरीकडे पुपिल्ला म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली, कारण दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं, बाहुलीएवढं. आणि मराठीत आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! हे मला कळलं तेव्हा मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो होतो, खरंच दिसते ती बाहुली.

पण इथेच एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. इंग्रजीत सुताचा गुंडा आणि मराठीत "धागेदोरे सापडले", तिकडे पुपिल्ला आणि इकडे बाहुली, हे वाचून कोणी म्हणेल बघा, त्यांनी आपल्याकडून घेतलं किंवा आपण त्यांच्याकडून. नाही. माणसाचा डोळा सगळीकडे सारखाच आहे, सूत सगळीकडे सारखंच गुंततं, त्यामुळे एकच कल्पना दोन ठिकाणी आपापली सुचू शकते. कल्पना सारखी असणं हा नात्याचा पुरावा नाही, नात्याचा पुरावा आवाजात आणि तारखांत असतो, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी २: शब्द मोडून बघा, पण बरोबर सांध्यावर

मोठा शब्द असेल तर त्याचे तुकडे पाडा, पुढचा प्रत्यय, मागचा प्रत्यय, मधलं मूळ. अन, री, डिस, नेस, फुल, मेंट हे बाजूला काढले की काम निम्मं होतं. अडचण एवढीच की सांधा डोळ्याला दिसतो तिथे असेलच असं नाही. हेलिकॉप्टर कुठे तुटतो? सगळे म्हणतील हेली आणि कॉप्टर. खरा सांधा आहे हेलिको आणि प्टर असा, हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं वळणारं आणि प्टेरॉन म्हणजे पंख, दोन्ही ग्रीक. तो "प्टर" पुन्हा भेटतो टेरोडॅक्टिलमध्ये, त्या उडणाऱ्या प्राचीन प्राण्याच्या नावात, तिथे सुरुवातीचा पी लिहितात पण उच्चारत नाहीत. म्हणजे तुकडे स्वतः पाडा, पण डिक्शनरीशी ताडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

पायरी ३: एंट्री वाचायला शिका

सुरुवातीला तीन ठिकाणं पुरतात. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, ज्याला सगळे एटिमऑनलाइन म्हणतात, डग्लस हार्पर यांनी उभी केलेली फुकट वेबसाइट, वाचायला सगळ्यात सोपी. दुसरी विक्शनरी, ही पण फुकट, इथे बाकीच्या भाषांतली भावंडं छान यादी करून मिळतात, फक्त कोणीही लिहू शकतो म्हणून तिच्यावर एकटीवर भरवसा नको. तिसरी मेरियम-वेब्स्टर, तिथे शब्द पहिल्यांदा कधी सापडला ते वर्ष किंवा शतक दिलेलं असतं. आणि या सगळ्यांची आजी म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, तिला पैसे लागतात पण बऱ्याच लायब्ररींच्या मेंबरशिपमधून ती फुकट उघडते, तुमची लायब्ररी देते का ते विचारून बघाच.

दोन डिक्शनऱ्या तरी उघडायच्या, एकीवर थांबायचं नाही. दोघी एकच सांगत असतील तर बरं, वेगळं सांगत असतील तर अजून बरं, कारण तिथेच खरी मजा असते.

एंट्रीत आखूड अक्षरं खूप असतात आणि नवीन माणूस तिथेच कंटाळतो. पाच-सहा कळली की पुरे. ओ-ई म्हणजे ओल्ड इंग्लिश, साधारण ११०० सालापर्यंतची. एम-ई म्हणजे मिडल इंग्लिश, तिथून साधारण १५०० पर्यंत. ओ-एफ जुनी फ्रेंच, ओ-एन ओल्ड नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांची भाषा, एल लॅटिन. वर्षाच्या आधी छोटा सी असेल तर "सुमारे". सी-एफ म्हणजे "हे पण ताडून बघा". आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे शब्दाच्या आधी लावलेला तारा. तारा म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी भावंडं शब्द शेजारी ठेवून ते बांधून काढलंय. पी-आय-ई म्हणजे प्रोटो-इंडो-युरोपियन, संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची समान पूर्वज भाषा, ही अख्खी तारेवाली आहे, तिचं एकही लिहिलेलं पान कोणाकडे नाही. बांधणी अतिशय काटेकोर असते पण ती बांधणी आहे हे विसरू नका, आपल्या वहीत पण तारा लावा.

आणखी एक गोष्ट, "फ्रॉम" आणि "कॉग्नेट विथ" यातला फरक. फ्रॉम म्हणजे हा शब्द त्याच्यापासून आला, आई आणि लेक. कॉग्नेट म्हणजे दोघं एकाच आईची लेकरं, भावंडं. या एका फरकावर अर्धी चर्चा गडबडते.

पायरी ४: तारीख

शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो याला माझ्या मते सगळ्यात जास्त वजन द्यायला पाहिजे. ऑक्सफर्ड डिक्शनरीची सगळी ताकद यातच आहे. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ही कल्पना निघाली, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठे दिसला ते वाक्यासकट द्यायचं. त्यासाठी साध्यासुध्या वाचणाऱ्या लोकांना आवाहन केलं की पुस्तकं वाचा, शब्द असलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवा, खाली साल आणि पुस्तकाचं नाव लिहा आणि पोस्टाने पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. १८७९ पासून जेम्स मरे संपादक होते, त्यांनी बागेत पत्र्याची खोली बांधली होती, तिला स्क्रिप्टोरियम म्हणायचे, तिच्या भिंतीला खण केलेले आणि त्यात या चिठ्ठ्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, मरे तोवर हयात नव्हते. आज आपण क्लिक करून जे साल बघतो ते मुळात कोणीतरी दिव्याखाली बसून चिठ्ठीवर उतरवलेलं असतं, मला तर प्रत्येक वेळी त्या अनोळखी वाचकाचे आभार मानावेसे वाटतात.

फक्त लक्षात ठेवा, पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. बोलण्यात तो आधीपासून असणारच, आणि उद्या कोणाला जुन्या कागदात आधीची नोंद सापडली तर साल मागे सरकतं. पण उलट्या बाजूने तारीख फार कामाची, म्हणजे कोणी गोष्ट सांगितली की अमुक शब्द अमुक घटनेवरून पडला आणि शब्द त्या घटनेच्या शंभर वर्षं आधीच छापलेला असला की गोष्ट संपली, वाद घालायची गरजच उरत नाही.

स्वतः जुनं शोधायचं असेल तर गूगल बुक्स, त्याचा एनग्राम आलेख (शब्द कुठल्या साली किती छापला गेला ते दाखवणारा) आणि इंटरनेट अर्काइव्ह ही तीन ठिकाणं आहेत. इथे दोन खड्डे आहेत. एक, जुन्या छपाईत एस हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब काढायचे, ते एफसारखं दिसतं आणि कॉम्प्युटर ते एफच वाचतो, त्यामुळे १८०० च्या आधीचे निकाल डोळ्यांनी पानाचा फोटो बघून तपासायचे. दुसरा खड्डा म्हणजे पुस्तकाचं साल चुकीचं टाकलेलं असतं, मासिकाच्या पहिल्या अंकाचं साल सगळ्या अंकांना लावलेलं असतं, तर मुखपृष्ठाचं पान उघडून साल वाचल्याशिवाय "मला आधीची नोंद सापडली" असं जाहीर करू नका. मी एकदा केलंय, आणि दुसऱ्या दिवशी मागे घ्यावं लागलंय.

पायरी ५: कुठल्या दाराने आला

इंग्रजीत शब्द यायची दारं मोजकी आहेत आणि प्रत्येक दाराचा काळ ठरलेला आहे. घरचे जुने शब्द अँग्लो-सॅक्सन लोकांचे, पाचव्या शतकापासूनचे. मग व्हायकिंग आले, त्यांच्याकडून स्काय, एग, विंडो, हजबंड, अगदी दे हे सर्वनाम सुद्धा. विंडो म्हणजे नॉर्समध्ये वाऱ्याचा डोळा, विंड आणि आय. मग १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं फ्रेंच शब्दांचा पूर आला, कोर्ट, जज, प्रिझन, टॅक्स, सगळा राज्यकारभार फ्रेंच. नंतर पंधराव्या-सोळाव्या शतकापासून विद्वानांनी थेट लॅटिन आणि ग्रीकमधून उचललं, आणि मग जहाजं जगभर फिरायला लागल्यावर सगळीकडूनच.

दार ओळखायच्या काही खुणा आहेत. शर्ट आणि स्कर्ट हे मुळात एकच, पण जुन्या इंग्रजीत स्क चा श झाला आणि नॉर्समध्ये स्क तसाच राहिला, म्हणून घरचा शर्ट आणि व्हायकिंगांचा स्कर्ट. स्किन, स्किल, स्काय हे त्याच बोटीतून आलेले. अर्थात स्क दिसला की नॉर्स असं डोळे झाकून म्हणू नका, स्कूल हा लॅटिनमार्गे ग्रीक आहे. तसंच चीफ आणि शेफ, दोघांचं मूळ लॅटिन कापुट म्हणजे डोकं, दोघं फ्रेंचमधून आले, पण चीफ मध्ययुगात आला जेव्हा फ्रेंच लोक च म्हणायचे आणि शेफ एकोणिसाव्या शतकात आला तोपर्यंत त्यांचा च घासून श झाला होता. म्हणून फ्रेंचमधून आलेल्या शब्दात सी-एच चा उच्चार श असेल, जसा मशीनमध्ये, तर तो बहुतेक उशिरा आलेला. एकाच शब्दाने दोनदा दार वाजवलं आणि दोन्ही वेळा त्याला आत घेतलं, अशा जोड्यांना डब्लेट म्हणतात, वॉरंटी आणि गॅरंटी, कॅटल आणि कॅपिटल. कॅटल म्हणजे गुरं आणि कॅपिटल म्हणजे भांडवल, मूळ एकच.

आपल्या भाषांतून गेलेले पण असेच शोधता येतात, त्यासाठी यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन हा १८८६ चा जाडजूड कोश इंटरनेटवर फुकट आहे. मॉंगूस हा तर आपल्या मुंगुसावरूनच गेलेला आहे, डिक्शनरीत स्वच्छ "मराठी" लिहिलेलं असतं. त्यातला गूस हा बदक-हंसांचा गूस नव्हे, नुसता कानाला तसा लागला म्हणून स्पेलिंग तसं झालं, म्हणून अनेकवचन मॉंगूसेस होतं, गीज होत नाही. जंगल बघा, संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश, आपल्याकडे येईपर्यंत रान झालं आणि इंग्रजीत गेल्यावर दाट, दमट, वेलींनी भरलेलं अरण्य, म्हणजे जवळजवळ उलटा अर्थ.

पायरी ६: आवाजाची कसोटी

आता तो भाग ज्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

फादर आणि पितर, मदर आणि मातर, ब्रदर आणि भ्राता, हे बघून आपल्याकडे लगेच म्हटलं जातं की इंग्रजी संस्कृतातून निघाली. सुतावरून स्वर्ग गाठायचा प्रकार आहे हा. साम्य खरं आहे, अगदी शंभर टक्के खरं, पण ते भावंडांचं साम्य आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच उगमातून निघालेल्या असणार, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. जर्मन भाषांचाही त्यांनी त्यातच विचार केला होता.

हे नातं ओळखायचा नियम अगदी साधा आहे आणि तुम्ही आत्ता बसल्या जागी तपासू शकता. रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिलं की संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे प असतो तिथे इंग्रजीच्या घरच्या शब्दात फ येतो, त चा थ होतो, द चा ट, ग चा क. आता लावून बघा. पाद, फूट. पितृ, फादर. त्रि, थ्री. दंत, टूथ, इथे दोन्ही टोकं बदलली, द चा ट आणि त चा थ, मधला न गळाला. दश, टेन. युग म्हणजे जोडी किंवा जू, आणि इंग्रजीत योक म्हणजे बैलाच्या मानेवरचं जूच! आपलं "जू" हे पण त्या युगाचंच घासलेलं रूप, म्हणजे जू आणि योक हे लांबचे चुलतभाऊ, एकही आवाज धड जुळत नाही आणि तरी नातं पक्कं.

जुळणं म्हणजे सारखं दिसणं नव्हे, ठरलेल्या पद्धतीने वेगळं असणं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं.

यातूनच एक झकास चाचणी मिळते. इंग्रजी शब्दात फ च्या जागी प च दिसला, तर तो घरचा नसून नंतर आणलेला असायची शक्यता जास्त. फूट घरचा, पेडल लॅटिनचा, पोडियम ग्रीकचा, तिन्हीत पाय आहे. टूथ घरचा, डेंटल आणलेला. फादर घरचा, पॅटर्नल आणलेला. हंड्रेड घरचा, सेंच्युरी आणलेला, कारण लॅटिनच्या क चा इंग्रजीत ह होतो आणि लॅटिन लोक सी चा उच्चार कच करायचे.

आणि हाच नियम खोटं साम्य पण पकडून देतो. इंग्रजी हॅव आणि लॅटिन हाबेरे, दोन्हींचा अर्थ "जवळ असणे", दोन्ही ह ने सुरू, कोणीही म्हणेल एकच शब्द. पण नियमाप्रमाणे इंग्रजी ह च्या समोर लॅटिनमध्ये क पाहिजे, म्हणून हॅवचं खरं भावंडं आहे कापेरे, म्हणजे धरणे, ज्याच्यापासून कॅप्चर आला. हाबेरेशी काही संबंध नाही. इमोजी आणि इमोशन यांचंही असंच, इमोजी हा जपानी शब्द आहे, ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर, भावनेशी त्याचा संबंध नुसता योगायोगाचा.

पायरी ७: अर्थ कसा सरकला

नाइस हा शब्द सगळ्यांनी एकदा स्वतः काढून बघावा. लॅटिनमध्ये नेस्किउस, ने म्हणजे न आणि स्किरे म्हणजे जाणणे, थोडक्यात अजाण. ज्या स्किरेपासून सायन्स आला त्याच्याच नकारापासून नाइस! इंग्रजीत आला तेव्हा, साधारण १३०० च्या सुमारास, त्याचा अर्थ मूर्ख असा होता. मग नखरेल, फार चिकित्सा करणारा, मग नाजूक, मग बारकाईचा, आणि अठराव्या शतकात येऊन छान. बारकाईचा हा मधला अर्थ अजून "अ नाइस डिस्टिंक्शन" अशा वापरात शिल्लक आहे. सिलीचा प्रवास उलटा, जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग मूर्ख. जर्मनमध्ये त्याचं भावंडं झेलिग अजूनही धन्य याच अर्थाने वापरतात.

इथे करायचं काय, तर पहिला आणि शेवटचा अर्थ लिहून थांबायचं नाही, मधले अर्थ सालासकट लिहायचे. मूर्ख ते छान ही उडी अशक्य वाटते, पण मधल्या पायऱ्या लावल्या की प्रत्येक पाऊल लहान निघतं. मधली पायरी सापडत नसेल तर तसं वहीत लिहा, ती जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. मधल्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी फुकट उघडते, त्याच्या आधीच्यासाठी बॉसवर्थ-टॉलरचा अँग्लो-सॅक्सन कोश ऑनलाइन आहे.

आणि जुना अर्थ तोच खरा असं मानू नका. डीर म्हणजे पूर्वी कुठलाही प्राणी, म्हणून आज हरणाला डीर म्हणणारा चुकतोय का? नाही ना. शब्दाचा आजचा अर्थ आजची माणसं ठरवतात.

स्पेलिंगबद्दल थोडं

स्पेलिंग कधी जुना उच्चार जपून ठेवतं आणि कधी चक्क दिशाभूल करतं. नी (गुडघा) आणि नो (जाणणे) यातला सुरुवातीचा के पूर्वी खरंच उच्चारायचे, संस्कृत जानु आणि ज्ञा त्यांची भावंडं. पण डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी मुळात नव्हता, फ्रेंचमधून आला तेव्हा नुसतं डेट होतं, विद्वानांना लॅटिन डेबिटुम आठवलं आणि त्यांनी बी घुसवला. आयलंडमधला एस तर अजून वाईट, तो शब्द अस्सल घरचा, पण लॅटिन इन्सुलावरून आलेल्या आइलशी गल्लत झाली आणि एस चिकटला. एप्रन मूळचा नेप्रन, "अ नेप्रन" म्हणता म्हणता न पुढच्या शब्दातून मागच्यात गेला आणि "अॅन एप्रन" झालं. निकनेममध्ये उलट झालं, "अॅन एकनेम" चा न पुढे गेला. म्हणून शोधताना जुनी स्पेलिंगं पण टाकून सर्च करायची. क्लू साठी सी-एल-ई-डब्ल्यू टाकल्याशिवाय मला तो सुताचा गुंडा सापडलाच नसता.

पायरी ८: गोष्ट फार छान असेल तर थांबा

शब्दांच्या फॉरवर्ड होणाऱ्या गोष्टी बहुतेक चुकीच्या असतात. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं, हे खोटं, न्यू चं अनेकवचन आहे ते, नव्या गोष्टी. आद्याक्षरांपासून शब्द करायची पद्धत विसाव्या शतकाच्या आधी फार क्वचित दिसते, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितली की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नाही म्हणायला हरकत नाही. सॅलरीमध्ये लॅटिन साल म्हणजे मीठ आहे हे खरं, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे याला प्राचीन काळातला ठोस पुरावा नाही.

एकच गाजलेला अपवाद, ओके. त्याच्या उगमाच्या ढीगभर गोष्टी होत्या. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६० च्या दशकात दाखवून दिलं की २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये तो "ऑल करेक्ट" च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून छापलाय, तेव्हा तिथे अशा चुकीच्या स्पेलिंगच्या संक्षेपांची फॅशन होती. मग अमेरिकेच्या १८४० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या "ओल्ड किंडरहूक" या टोपणनावाशी तो जुळला आणि पसरला. आद्याक्षरांची गोष्ट इथे खरी ठरली ती छान आहे म्हणून नाही, तारीख आणि कागद आहे म्हणून.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक शब्दाला एक पान. माझं क्लूचं पान असं आहे: आजचा अर्थ, सुगावा. त्याखाली, सतराव्या शतकात भूलभुलैयाचा उल्लेख न करता नुसता "वाट दाखवणारी गोष्ट" असा वापर. त्याखाली, त्याआधी गोष्टीतला सुताचा गुंडा, इंग्रजी कवी चौसरच्या थिसिअसच्या कथेत हाच शब्द, चौदावं शतक. त्याखाली, यू-ई चं स्पेलिंग पंधराव्या शतकात दिसायला लागलं, ट्रू आणि ह्यू सारख्या शब्दांचंही तसंच झालं. त्याखाली, जुन्या इंग्रजीत क्लिवेन, गुंडा. घरचा शब्द, लॅटिन क्लाविसशी संबंध नाही. प्रत्येक ओळीपुढे कुठल्या डिक्शनरीत बघितलं ते.

काही पानं अर्धीच राहतात. डॉग हा शब्द घ्या, जुन्या इंग्रजीत कुत्र्याचा नेहमीचा शब्द हुंड होता, आजचा हाउंड, आणि डॉक्गा हा कुठेतरी क्वचित दिसतो, मग काही शतकांत तो हुंडला बाजूला सारून सगळीकडे पसरतो, आणि तो आला कुठून हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही, आसपासच्या भाषांत त्याचं सख्खं भावंडं नाही. डिक्शनरीत तिथे "ओरिजिन अननोन" एवढंच असतं. माझ्या वहीत डॉगच्या पानावर तेच दोन शब्द आहेत आणि खाली जागा मोकळी आहे.

सुरुवातीला सोपे शब्द घ्या, ज्यांचा माग पूर्ण लागतो: मसल, ऑरेंज, शॅम्पू. मसलमध्ये एक उंदीर लपलाय, तो कुठे आहे ते आधी स्वतः शोधा.